क्विबेकचं स्वस्त सरकारी डेकेअर: मुलांवर आणि आईबाबांवर काय परिणाम होतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॅनडाच्या क्विबेक प्रांतात, मॉन्ट्रियलमधल्या आपल्या मराठी मंडळींत कोणाला बाळ झालं की सहा-आठ महिन्यांनी फोन येतोच, "डेकेअरला टाकू का गं?" आणि लगेच मागून, "पण तो रिसर्च म्हणे असा आहे की..." हल्ली पुण्या-नाशिकहून पण विचारतात, कारण कोणीतरी रील बघितलेलं असतं की कॅनडात सरकारने डेकेअर स्वस्त केलं आणि मुलं बिघडली. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, इकॉनॉमिस्ट नाही, माझं पोरगं इथल्या डेकेअरमधूनच शाळेत गेलंय आणि या विषयावर मिळेल ते वाचलंय, एवढंच.

हे पाच डॉलरचं डेकेअर म्हणजे नक्की काय? कोणी पाच म्हणतं, कोणी सात, कोणी नऊ.

सगळेच बरोबर आहेत, फक्त साल वेगळं. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये क्विबेक सरकारने दिवसाला ५ डॉलरमध्ये डेकेअर सुरू केलं, पहिल्या वर्षी फक्त ४ वर्षांच्या मुलांसाठी, मग दरवर्षी एकेक वय खाली येत येत २००० पर्यंत अगदी तान्ह्या बाळांपर्यंत. १९९७ लाच ५ वर्षांच्या मुलांचं बालवर्ग पण पूर्ण दिवसाचं झालं. लुसिएन बूशार तेव्हा प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) होते, आणि या धोरणामागे मोठा हात होता मंत्री पोलीन मारवा यांचा, ज्या पुढे २०१२ मध्ये प्रांताच्या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. २००४ ला दर ७ डॉलर झाला. २०१५ ला "जास्त कमावता तर जास्त भरा" असं करून वरच्या उत्पन्नवाल्यांना दिवसाला २० डॉलरपर्यंत नेलं, लोक जाम भडकले, नंतरच्या सरकारने ते काढून टाकून परत सगळ्यांना एकच दर केला, तो आता महागाईप्रमाणे थोडा थोडा वाढत ९ डॉलरच्या पुढे गेलाय. म्हणजे टोरंटोत एकेकाळी महिन्याला हजाराच्या वर मोजायचे तिथे इथे दोनशेच्या आसपास. टोरंटोहून इथे नोकरी बघणारी कुटुंबं मला माहितीयत ती काय उगाच नाही.

२०२१ च्या बजेटमध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने पाच वर्षांत ३० अब्ज डॉलर घालून सगळ्या देशात दिवसाला सरासरी १० डॉलर करायचं ठरवलं, आणि ते करताना बोट दाखवलं क्विबेककडेच. म्हणून हा जुना वाद परत वर आलाय.

सीपीई, गार्दरी, घरगुती... सगळं सरकारीच ना?

नाही, आणि हा फरक न कळल्यामुळेच अर्धा गोंधळ होतो. सीपीई म्हणजे ना-नफा संस्था, पैसा बहुतेक सरकारचा पण चालवायला एक बोर्ड असतं आणि त्या बोर्डावर बहुमत पालकांचं (हो, तुम्हाला पण मीटिंगला ओढतील, फ्रेंच येत नाही म्हणून सुटका नाही). दुसरं घरगुती, म्हणजे एखादी बाई स्वतःच्या घरात एकटीने ६ पर्यंत मुलं सांभाळते, मदतनीस असली तर ९. तिसरी खाजगी गार्दरी (म्हणजे फ्रेंचमध्ये डेकेअरच) जिला सबसिडी आहे, तिथे पण तोच स्वस्त दर. आणि चौथी खाजगी गार्दरी जिला सबसिडी नाही, तिथे पूर्ण फी भरायची आणि सरकार टॅक्स क्रेडिट देतं, म्हणजे फीचा काही भाग करातून परत करतं. २००९ ला ते क्रेडिट वाढवलं आणि चौथ्या प्रकारची गार्दरी कोपऱ्याकोपऱ्यावर उघडली. दर्जाच्या पाहण्यांमध्ये सरासरी सीपीई वरती आणि नफ्यावर चालणारी खाली असं चित्र वर्षानुवर्षं दिसतंय. अपवाद दोन्हीकडे आहेत, आमच्या ओळखीत एक खाजगी आहे ती उत्तम आहे.

सगळे ज्याबद्दल बोलतात तो रिसर्च काय सांगतो?

मायकल बेकर, जोनाथन ग्रुबर आणि केविन मिलिगन अशा तीन अर्थतज्ज्ञांचा पेपर, २००५ ला पहिल्यांदा बाहेर आला, २००८ ला रीतसर छापला. त्यांनी केलं काय, तर क्विबेकमधली मुलं आणि बाकी कॅनडातली मुलं, धोरणाच्या आधी आणि नंतर, अशी तुलना केली. बाकी प्रांतांत त्या काळात असं काही झालं नव्हतं म्हणून ते तुलनेला बरे. त्यांना दिसलं की दोन पालक असलेल्या घरांत डेकेअरचा वापर साधारण १४ टक्के पॉइंटने वाढला (म्हणजे दर शंभरांत १४ ने जास्त), आयांची नोकरी ७.७ पॉइंटने वाढली, जी खूपच मोठी वाढ आहे. इथपर्यंत सगळं छान.

पण त्याच मुलांमध्ये चिडचिड, मारामारी, घाबरटपणा वाढलेला, हालचालींची आणि चारचौघांत वागायची कौशल्यं थोडी कमी, आजारपणं जास्त. आणि घरात आईबाबांचं वागणं जास्त कडक, जास्त आरडाओरडा, शिस्तीत सातत्य कमी, आयांमध्ये डिप्रेशनची लक्षणं जास्त, नवराबायकोच्या नात्याबद्दलचं समाधान कमी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोरगं डेकेअरमध्येच होतं आणि तो दिवस काही नीट गेला नाही.

मग २०१९ ला तिघांचा दुसरा पेपर आला, तीच मुलं मोठी झाल्यावरचा. शाळेतल्या परीक्षांच्या मार्कांवर फारसा फरक नाही, पण वागण्यातला फरक पुढेही टिकलेला, तब्येत आणि आयुष्याबद्दलचं समाधान थोडं कमी, आणि किशोरवयात गुन्ह्यांचं प्रमाण जास्त, त्यात मुलगे पुढे. रीलवाल्यांना हेच शेवटचं वाक्य आवडतं.

म्हणजे डेकेअरमुळे मुलं बिघडतात हे खरंच आहे?

असा अर्थ काढायच्या आधी थोडं थांबा. पहिली गोष्ट, हे सगळे आकडे सरासरीचे आहेत, एका अख्ख्या प्रांतातल्या मुलांचे, आणि त्यात डेकेअरला न गेलेली मुलं पण धरली आहेत. तुमच्या शेजारच्या आर्यनबद्दल त्यातून काही कळत नाही. दुसरं, लहान मुलांच्या वागण्याबद्दलची माहिती पालकांनीच दिलेली आहे. आता दिवसभर नोकरी करून आलेली आई संध्याकाळी साडेसहाला फॉर्म भरतेय, पोरगं भुकेलं आणि दमलेलं, ती "हट्टी आहे का" समोर काय लिहील? अर्थात सगळं त्यानेच झालं असं म्हणता येत नाही, कारण २०१९ च्या पेपरात गुन्ह्यांचे आकडे आहेत, ते काही आईने भरलेले नाहीत. त्यामुळे "तो रिसर्च खोटाय" म्हणणाऱ्यांच्या पण बाजूची मी नाही. दुसऱ्या लोकांनी, विशेषतः कोटेलनबर्ग आणि लेहरर यांनी, तोच डेटा परत तपासला आणि सरासरी वाईट परिणाम त्यांनाही दिसला. फक्त त्यांनी पुढे जाऊन विचारलं, सगळ्यांवर सारखाच का? तर नाही. त्याबद्दल खाली लिहिते.

मग क्विबेकमध्येच असं का झालं?

माझं मत विचाराल तर घाई. पन्नास पानांचा स्वयंपाक केलेला आणि पंगतीला पाचशे जण बसले, असं झालं. स्वस्त केल्याबरोबर मागणी एकदम वाढली, जागा पटापट वाढवायला लागल्या, शिकलेल्या एड्युकेत्रिस एका रात्रीत तयार होत नाहीत. एड्युकेत्रिस म्हणजे सांभाळणारी शिक्षिका, इथे सगळे हाच शब्द वापरतात. २००५ मध्ये जापेल, त्रांब्ले आणि कोते यांचा अभ्यास आला, त्यात प्रत्यक्ष जाऊन डेकेअर बघितली होती, आणि बहुतेक ठिकाणं "जेमतेम बरं" या पातळीची निघाली. म्हणजे मुलं सुरक्षित, जेवणखाण ठीक, पण खेळणं, बोलणं, शिकणं यात विशेष काही नाही. चांगलं म्हणावं असं साधारण चौथा हिस्सा. तेव्हाही सीपीई वरचढ होत्या आणि गरीब वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला बऱ्याचदा कमी दर्जाची जागा आली होती.

कागदावरचे नियम तसे बरे आहेत: १८ महिन्यांखालच्या ५ बाळांमागे एक मोठं माणूस, त्यापुढे ४ वर्षांपर्यंत ८ मागे एक, आणि ४ ते ५ वयाला १० मागे एक. पण दीड वर्षाची आठ मुलं आणि एक बाई, हे एकदा डोळ्यासमोर आणून बघा. बरं पगार कमी म्हणून बायका सोडून जातात, २०२१ च्या शरद ऋतूत सीपीईच्या कर्मचाऱ्यांनी यासाठीच संप केले, आणि मुलाला सवय झालेली एड्युकेत्रिस गेली की परत सगळं पहिल्यापासून. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. सरकारने आईबाबांसाठी किंमत झटक्यात खाली आणली, पण मुलांसाठी माणसं त्या वेगाने आणली नाहीत, आणि मधली जी दरी राहिली ती कोणी भरली तर पोरांनी.

नॉर्वे-स्वीडनमध्ये तर म्हणे मुलं मस्त होतात?

नॉर्वेचा १९७५ चा कायदा बघा, त्यानंतर चार वर्षांत बालवाड्यांच्या जागा एकदम वाढल्या, ३ ते ६ वयाच्या दहा टक्क्यांहून कमी मुलांसाठी जागा होत्या त्या पाव भागाच्या वर गेल्या. हावनेस आणि मोगस्टाड यांनी ती मुलं तिशीत पोचल्यावर तपासली तर शिक्षण जास्त, सरकारी मदतीवर राहायचं प्रमाण कमी. गंमत म्हणजे तिथे आयांची नोकरी फारशी वाढलीच नाही, कारण ज्या आधीच काम करत होत्या त्यांनी शेजारीण, नातेवाईक वगैरे सोडून बालवाडी घेतली.

म्हणजे एकाच प्रकारचं धोरण, एकीकडे आयांना फायदा आणि मुलांना तोटा, दुसरीकडे मुलांना फायदा आणि आयांच्या नोकरीला काहीच नाही. पण नीट बघा, नॉर्वेत मुलं तीन वर्षांच्या पुढची होती, क्विबेकमध्ये अगदी पाळण्यातलीसुद्धा. आणि नॉर्वेत त्या मुलांचा आधीचा पर्याय म्हणजे बऱ्याचदा कुठली तरी कामचलाऊ सोय होती. डेकेअर "कशाच्या जागी" आलं यावर सगळं अवलंबून असतं, हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक भांडणात कोणीतरी म्हणायला पाहिजे आणि कोणी म्हणत नाही.

किती वयाला टाकावं?

इथे मात्र बरेचसे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात. जितकं लहान आणि जितके जास्त तास, तितकी काळजी जास्त. क्विबेकच्या डेटातही वाईट परिणाम लहान वयात सुरू करणाऱ्यांमध्ये जास्त, तीनच्या पुढे कमी.

इटलीत बोलोन्या शहराच्या सरकारी पाळणाघरांवरचा अभ्यास २०२० मध्ये छापून आलाय, फोर्ट, इकिनो आणि झानेल्ला यांचा. ० ते २ वयात डेकेअरमध्ये घालवलेल्या प्रत्येक जादा महिन्यामागे ८ ते १४ वयातला आयक्यू सुमारे अर्धा टक्का कमी, मुलींमध्ये जास्त ठळक. पण ती सगळी खात्यापित्या, शिकलेल्या घरातली मुलं. लेखकांचं म्हणणं असं की घरी त्या बाळाला एकास एक मोठं माणूस बोलायला मिळालं असतं आणि पाळणाघरात चार-सहा बाळांत वाटून मिळालं. मला हे पटतं. आपण मराठी घरात बाळाशी केवढं बोलतो, नुसती आंघोळ घालताना अर्धा तास बडबड चालू असते.

आणखी एक, डेकेअरमध्ये दिवसभर असलेल्या लहान मुलांच्या शरीरात कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन दुपारपर्यंत वाढत जातं, घरी असताना ते एरवी दिवसा उतरतं. हे बऱ्याच ठिकाणी परत परत दिसलंय, दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जास्त. पुढे जाऊन त्याने नुकसान होतंच असं मात्र नाही.

त्यामुळे माझ्यापुरतं उत्तर: पहिलं वर्ष जमलं तर घरीच. क्विबेकमध्ये ते जमण्यासारखं आहे, २००६ पासून इथला स्वतःचा पालक-रजा विमा आहे, साध्या पर्यायात आईचे १८ आठवडे, बाबाचे ५ आणि दोघांत वाटून घ्यायचे ३२. बाबाचे ५ कृपया घ्याच, ते बाबाने घेतले नाहीत तर वाया जातात. दीड-दोन वर्षांपासून कमी तासांनी सुरुवात, आणि तीननंतर बिनधास्त पाठवा. ज्यांना रजाच मिळत नाही त्यांना हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, ते मला कळतं.

कमी तास म्हणजे किती? सरकारी जागेत अर्धवेळ देतात का?

द्यायला हवं, पण मिळणं कठीण. फंडिंग जागेवर असतं म्हणून डेकेअरला पूर्ण आठवडा भरलेला आवडतो. पण घेऊन जायची वेळ तुमच्या हातात असते. दोघांपैकी एकाने सकाळी उशिरा सोडायचं आणि दुसऱ्याने साडेतीन-चारला आणायचं असं जमवलं तर दहा तासांचे सात होतात. आमच्याकडे बाबा सातला ऑफिस गाठायचा आणि साडेतीनला हजर. मॅनेजरची तोंडं वाकडी झाली, होऊ देत.

सारखा आजारी पडतो, महिन्यातून दोनदा ताप, काय करू?

पहिला हिवाळा असाच जाणार. सर्दी, कान दुखणं, जुलाब, हातापायांवर पुरळ, सगळं येतं आणि घरातल्या मोठ्यांना पण धरतं. क्विबेकमधल्याच मुलांवर कोते आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे, मोठ्या गटात लवकर गेलेली मुलं सुरुवातीला जास्त आजारी पडली पण शाळेच्या वयात बाकीच्यांपेक्षा कमी. म्हणजे पुढचं आजारपण बऱ्यापैकी आधीच येऊन गेलं. फक्त तान्हं बाळ असेल तर ताप अंगावर काढू नका, आणि लसी वेळेवर. नोकरीत सिक लीव्ह किती उरली तेही बघून ठेवा, पहिल्या वर्षी सगळी त्यातच जाते.

आईबाबांवर काय परिणाम होतो, खरं सांगा.

पैशाच्या बाजूने बघितलं तर मोठा फायदा. पिएर फोर्तँ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हिशोब मांडला की या धोरणामुळे २००८ साली सुमारे ७०,००० जास्त आया नोकरीत होत्या, आणि त्यांनी भरलेला टॅक्स, कमी झालेली सरकारी मदत हे सगळं धरलं तर सबसिडीच्या प्रत्येक १०० डॉलरमागे क्विबेक सरकारकडे १०४ परत आले, शिवाय केंद्राला वरती ४३ फुकटात. या हिशोबावर वाद आहेत, पण इथल्या लहान मुलांच्या आया आज जगात सर्वात जास्त नोकरी करणाऱ्यांपैकी आहेत हे कोणी नाकारत नाही. ९० च्या दशकात क्विबेक यात बाकी कॅनडाच्या मागे होतं.

आणि आपल्या बायकांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. नवऱ्याच्या परमिटवर आलेली, इंजिनिअरिंग केलेली मुलगी दोन-तीन वर्षं घरात बसली की तिचा सीव्ही कोणी उघडत नाही. स्वस्त जागा मिळाली की ती फ्रेंच क्लासला जाते, मग इंटर्नशिप, मग नोकरी. मी हे इतक्या जणींचं बघितलंय की कोणी डेकेअरला सरसकट नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

पण ताण खरा आहे. नोकरी वाढली, घरातलं काम कमी झालं नाही, आणि ते कोण करतं ते तुम्हाला माहितीय. सकाळी उणे पंधरामध्ये स्नोसूट चढवायचा, तो चढला की लगेच शू आली म्हणणार, ऑफिसला उशीर, संध्याकाळी मूल जे काही दिवसभर दाबून ठेवलेलं असतं ते आईबाबांवर काढतं कारण तिथेच सुरक्षित वाटतं. मग आपण ओरडतो. बेकरच्या पेपरात "पालक जास्त कडक झाले" असं जे आलंय ते माझ्या मते हेच. डेकेअर बदलण्याआधी घरातल्या कामाची वाटणी बदलून बघा, तिथे एक पैसा लागत नाही.

गरीब घरातल्या मुलांना तरी फायदा होतो ना?

हो, आणि यावर बऱ्यापैकी एकमत आहे. कोटेलनबर्ग-लेहरर यांना क्विबेकमध्येच एकट्या पालकाच्या घरातल्या आणि मागे पडलेल्या मुलांना फायदा दिसला, तोटा वरच्या थरात. जर्मनीतल्या अभ्यासातही स्थलांतरित आणि गरीब घरातल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा, आणि तीच सगळ्यात कमी जातात. क्विबेकमध्येही चांगल्या सीपीईच्या यादीत नाव लावायचं कसं, कोणाला फोन करायचा हे ज्यांना ठाऊक तेच आधी आत शिरतात. सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या योजनेचं हे असं होतं.

त्यापेक्षा आजी-आजोबांना बोलावलं तर?

बोलवा की! २०११ पासून सुपर व्हिसा आहे, म्हणजे आईवडिलांना लांब मुक्कामासाठीचा व्हिसा, आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, फक्त त्यांचा मेडिकल इन्शुरन्स आणि तुमचं उत्पन्न दाखवावं लागतं. आजीच्या मांडीवरचं एक वर्ष कुठल्याही सीपीईपेक्षा भारी असं मी डोळे झाकून म्हणेन. पण आजीला विचारा. तिला सांधेदुखी आहे, मॉन्ट्रियलचा जानेवारी आहे, खाली उतरलं तर बोलायला कोणी नाही आणि मुलगा-सून नऊ तास बाहेर. तिने आधीच दोन पोरं वाढवलीयत. बऱ्याच घरी मधला मार्ग निघतो, पहिलं दीड वर्ष आजी, मग डेकेअर आणि आजी फक्त संध्याकाळी चारनंतर. हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो.

मराठी विसरेल का?

डेकेअरमुळे नाही विसरणार, तुम्ही घरी इंग्लिश बोललात तर विसरेल. इथे स्थलांतरितांच्या मुलांना शाळा फ्रेंचमध्येच, १९७७ च्या कायद्याने, त्यामुळे डेकेअरमध्ये दोन वर्षं फ्रेंच कानावर पडलेलं मूल बालवर्गात निवांत बसतं आणि घरीच राहिलेलं सुरुवातीला बावरतं. सुरुवातीचे काही महिने मूल तिथे अजिबात बोलणार नाही, घाबरून जाऊ नका. फक्त एड्युकेत्रिसला "पाणी", "शू", "दुखतंय", "आई" असे शब्द देवनागरीत नाही, रोमनमध्ये लिहून द्या, त्या भिंतीवर चिकटवतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात असं का नाही? अंगणवाडी आहे की.

अंगणवाडी आहे, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या योजनेतून, आणि तिचं काम मोठं आहे, पण ती डेकेअर नाही. तीन ते सहाची मुलं काही तास येतात, खिचडी खातात, गाणी म्हणतात, घरी जातात. शेतात किंवा कंपनीत जाणाऱ्या बाईला दिवसभराची सोय हवी असते. त्यासाठी केंद्राची पाळणाघर योजना आहे, आता "पालना" नावाने २०२२ पासून मिशन शक्तीत, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं असं त्यात आहे. आधीच्या राष्ट्रीय योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस, वय सहा महिने ते सहा वर्षं. क्विबेकमध्ये ८ मागे एक म्हणून आपण वर कुरकुर केली, आता हे बघा.

शिवाय २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. किती ठिकाणी ते खरंच आहे, तुम्हीच आजूबाजूला बघा. हा खर्च सगळा कंपनीवर, त्यामुळे बाई नोकरीवर घेतानाच कंपनी दहा वेळा विचार करते, हे कायदा करणाऱ्यांना सुचलं नाही की काय. बाकी शहरात खाजगी पाळणाघरं, शेजारच्या काकू, नाहीतर आजी.

तामिळनाडूतला अभ्यास मात्र सांगण्यासारखा आहे. गॅनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स यांनी ६४० अंगणवाड्या घेतल्या, निम्म्यांमध्ये फक्त मुलांना शिकवायला एक अर्धवेळ बाई वाढवली. मुलांचं शिकणं सुधारलं आणि कुपोषण पण कमी झालं, कारण मूळ सेविकेला आहार आणि तब्येतीकडे बघायला वेळ मिळाला. दोन जास्तीचे हात, बस. महाराष्ट्रात सेविका २०२३ च्या डिसेंबरमध्ये मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, त्यांना सरकारी कर्मचारी म्हणूनही कोणी धरत नाही.

डेकेअर बघायला गेल्यावर काय बघायचं?

भिंतीवरची चित्रं बघू नका, ती छानच असतात. सकाळी दहा-साडेदहाला जा आणि वीस मिनिटं गप्प उभे राहा. मूल रडल्यावर किती वेळाने कोण येतं? मोठी माणसं खाली बसून मुलांच्या डोळ्यात बघून बोलतात की वरून सूचना देतात? आवाज खेळाचा आहे की ओरडण्याचा? मग विचारा की इथे कोण किती वर्षांपासून आहे. सगळ्या गेल्या वर्षीच लागल्या असतील तर माझ्या मते तो सगळ्यात मोठा लाल झेंडा. मुलं रोज बाहेर जातात का, बर्फात पण? झोपत नाही त्या मुलाचं काय करता? पूर्वकल्पना न देता मला येता येईल का? "नाही" म्हणाले तर दुसरीकडे बघा. शाकाहारी, अंडं चालत नाही वगैरे पहिल्याच दिवशी लेखी द्या.

सोडताना खूप रडतो, माझ्याच्याने बघवत नाही.

चोरून पळून जाऊ नका, सांगून, पापी घेऊन निघा, आणि निघालात की परत वळू नका. पहिले काही दिवस एक-दोन तासच ठेवा, बहुतेक ठिकाणी अशी हळूहळू सवय लावतातच. दोन-तीन आठवड्यांनी दहा मिनिटांत शांत होत असेल तर ठीक चाललंय. दिवसभर कोपऱ्यात बसून राहतो, जेवत नाही, घरी पण झोप उडालीय आणि महिना उलटून गेला तरी तसंच असेल, तर एड्युकेत्रिसशी बोला, डॉक्टरला दाखवा, आणि गरज पडली तर सहा महिने थांबा. जागा जाईल या भीतीने ओढत राहू नका.

नाव कधी नोंदवायचं आणि आमच्या परमिटवर मिळेल का?

जमेल तितक्या लवकर, यादी लांब असते आणि काही भागांत दोन-दोन वर्षं लागतात. एकच जागा धरून बसू नका, घरगुती पण टाका, ऑफिसजवळची पण टाका, आणि नोंदणीतला फोन नंबर बदलला तर लगेच अपडेट करा, फोन उचलला नाही म्हणून जागा गेलेले लोक आहेत. पीआर (कायमचे रहिवासी) आणि वर्क परमिटवाल्यांना सबसिडीची जागा मिळते, नुसत्या स्टडी परमिटवर सहसा नाही, क्विबेक सरकारची स्कॉलरशिप असेल तर गोष्ट वेगळी. नवराबायकोचे परमिट वेगवेगळे असतील तर करार कोणाच्या नावाने होतोय ते सही करण्याआधी ऑफिसात विचारून घ्या. आणि सबसिडी नसलेल्या गार्दरीत टाकावं लागलं तर टॅक्स क्रेडिट महिन्याच्या महिन्याला आगाऊ मिळतं, त्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो, तो बरेच जण विसरतात.